साहेबांचं इंग्रजी आणि माळवाडीचा बेलभंडार

सलोमीबाईंचं नाव आधी घेतो. पुढं जे लिहिणार आहे त्यात साहेब आहेत, पाटील आहेत, तोफा आहेत, आणि वाचणाऱ्याला तेच मोठे वाटतील. पण सलोमीबाई नसत्या तर यातल्या कुणाच्याही समोर मी आठवडाभरसुद्धा टिकलो नसतो. नगरला मुलींच्या एका शाळेत त्या इंग्रजी शिकवत. माझ्या त्या कोणी लागत नव्हत्या. धर्म वेगळा, जात वेगळी, मुलूख तर पारच वेगळा. मी वेंगुर्ल्याकडचा. वडील गेले तेव्हा इंग्रजी चौथीत होतो. चौथीचं पुस्तक अर्धं राहिलं, ते अजून अर्धंच आहे. घरी आई आणि दोन लहान बहिणी. नगरच्या छावणीत मामा मेसचे कारकून होते, त्यांनी बोलावून घेतलं. चाळीत मामांच्या खोलीला लागून सलोमीबाईंची खोली. मधली भिंत कुडाची. या भिंतीचेही माझ्यावर उपकार आहेत.

तेव्हा लढाई चालू होती. छावणीत रोज नवे रणगाडे यायचे. तोफांच्या सरावाला उघडं माळरान लागतं, त्याला चांदमारी म्हणतात. चांदमारीच्या हद्दीत आणि हद्दीला लागून माळवाडीसारख्या काही गावांची रानं होती. सराव असला की टेकडीवर लाल निशाण चढायचं आणि माणसांनी, गुरांनी रानं सोडून बाहेर पडायचं. हे सगळं गावाला सांगायचं, गावाचं गाऱ्हाणं साहेबांना सांगायचं, त्यासाठी दुभाष्या. आधीचा दुभाष्या चांगला पदवीधर होता, तो पलटणीबरोबर परदेशी गेला. मामांनी माझं नाव पुढं केलं. साहेबांनी विचारलं, इंग्रजी येतं का? मी म्हणालो, येस सर. तेवढं येतच होतं.

साहेब कॅप्टन होते. चेहरा नगरच्या उन्हानं भाजून निघालेला, म्हणून गावोगाव त्यांना तांबडे साहेब म्हणत. माणूस वाईट नव्हता. पण सरळ बोलणं त्यांच्या घराण्यातच नसावं. एकेक शब्द मला कळायचा, आणि वाक्य संपलं की काहीच कळलेलं नसायचं. पहिल्याच आठवड्यात मी खोलीत डोकं धरून बसलो होतो, तर भिंतीपलीकडून आवाज आला.

"काय रे विष्णू, आज उसासे मोठे आहेत."

मी बाहेर व्हरांड्यात गेलो. बाई तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"बाई, माळवाडीच्या लोकांनी साहेबांना विचारलं, चारापाण्याचं काय? साहेब म्हणाले, पुलाशी पोचलो म्हणजे पूल ओलांडू. मी तसं सांगितलं."

"मग?"

"पाटील म्हणाले, पूल कधी बांधनार? माळवाडीला नदीच नाही."

दुसरं कोणी असतं तर हसलं असतं. बाईंनी तांदळातला खडा काढून बाजूला ठेवला. "पुढचं पुढं बघू, एवढंच म्हणाले ते. आणि पुढचं पुढं बघू म्हणजे काय, ते तुझ्या पाटलांना चांगलं कळतं. तुलाच कळलं नाही."

दुसऱ्या दिवसापासून शिकवणी सुरू झाली. पैसे विचारले तर म्हणाल्या, दोन हंडे पाणी भर. त्यांच्याकडे इंग्रजी वाक्प्रचारांचं एक जाडजूड पुस्तक होतं. संध्याकाळची प्रार्थना झाली की व्हरांड्यात बसून त्या एकेक काढायच्या. पुस्तकात अर्थ दिलेले असत, पण बाई ते वाचू द्यायच्या नाहीत. म्हणायच्या, "शब्दाचा अर्थ नंतर. हे बोलणाऱ्याला काय टाळायचंय, ते आधी सांग."

हा बाईंचा सिद्धांत होता, आणि पुढं छावणीतल्या दोन-तीन वर्षांच्या नोकरीत तो खोटा ठरलेला मी पाहिला नाही. इंग्रजाला 'नाही' म्हणायचा फार संकोच. म्हणून त्याच्या भाषेत 'नाही'ची दुकानं मांडलेली. साहेब म्हणाले, हे मी मनात ठेवीन, म्हणजे नाही. म्हणाले, यावर झोप काढून सांगतो, म्हणजे उद्या नाही. 'वन्स इन अ ब्लू मून', निळा चंद्र उगवला की, म्हणजे तर कायमचंच नाही. त्याला मी 'कपिलाषष्ठीचा योग' असं म्हणायचो आणि गाव मान डोलवायचं. झुडपाभोवती काठी आपटणं म्हणजे आपलं नमनाला घडाभर तेल. साहेब हे गावकऱ्यांबद्दल म्हणायचे. गावकरी साहेबांबद्दल म्हणायचे. मी दोघांचंही भाषांतर करत नसे.

बाहेरच्या माणसाला वाटतं, दुभाष्याचं काम म्हणजे इकडचा शब्द उचलून तिकडं ठेवायचा. तसं केलं तर दोन दिवसांत मारामारी होईल. साहेब चिडून म्हणायचे, या लोकांना सांग, माझा शर्ट अजून अंगावर आहे, म्हणजे मी पुरता भडकलेलो नाही, तोवर बऱ्या बोलानं ऐका. मी सांगायचो, साहेब विनंती करतायत. पाटील म्हणायचे, "तुज्या सायबाला म्हनावं, आमच्या आज्याचा आजा बी हितंच हुता." मी सांगायचो, सर, ते आपल्या विनंतीचा विचार करतायत. दोघंही समाधानानं घरी जायचे. छावणी आणि माळवाडी यांच्यात शांतता होती, ती बरीचशी माझ्या अप्रामाणिकपणामुळं होती असं म्हटलं तरी चालेल.

शब्दाला शब्द लावला आणि तरीही निभावलं, असं त्या काळात एकदाच झालं. भिकाजी गवळी कावडीला दुधाच्या घागरी लावून छावणीत येत होता. वळणावर लष्करी लॉरीचा धक्का लागला आणि सगळं दूध रस्त्यात. भिकाजी सरळ साहेबांच्या कचेरीत. साहेबांनी कागदावरून डोळे न काढता, सवयीनं म्हटलं, सांडलेल्या दुधावर रडण्यात अर्थ नाही. हा त्यांचा आवडता वाक्प्रचार. दौत कलंडली तरी तेच म्हणत. मी अडचणीत पडलो. या खेपेला दूध खरंच सांडलेलं होतं. तरी सांगितलं.

भिकाजी म्हणाला, "रडतंय कोन? दूध कोन भरून देनार, त्ये इचारा."

मी साहेबांना म्हणालो, "सर, तो रडत नाहीये."

साहेबांनी मान वर केली. भिकाजीकडं बघितलं. त्याच्या धोतरावरून अजून दूध ठिबकत होतं. मग साहेब जे हसायला लागले, ते चेहरा आणखी तांबडा होईपर्यंत. दूध भरून मिळालं. भिकाजी बाहेर पडताना मला म्हणाला, "सायेब चांगला हाय, पर त्येला कोनीतरी सादं बोलाया शिकवा." मी म्हणालो, ते माझ्या पगारात बसत नाही.

आता मुख्य गोष्टीकडं येतो. इतकी वर्षं ती सांगायला धीर होत नव्हता. आता साहेब गेले, साहेबांचं सरकारही गेलं.

एरवी चांदमारीचा सराव ज्वारी निघाल्यावर सुरू व्हायचा. त्या वर्षी माघातच कुजबुज सुरू झाली की नवे रणगाडे आलेत, सराव लवकर आहे. माळवाडीची निम्मी ज्वारी चांदमारीच्या हद्दीत. कणसं भरलेली. गावानं साहेबांना बोलावलं. खंडोबाच्या देवळासमोर साहेबांची जीप उभी राहिली आणि सगळं गाव भोवती गोळा झालं. पाटील गणपतराव वयस्कर, शांत माणूस. त्यांनी पागोटं सारखं केलं आणि मला म्हणाले, "दुभाषेबुवा, सायबास्नी नीट सांगा. ज्वारी उभी हाय. लाल निशान लागलं की आमाला रानात पाय टाकता येत न्हाई. रानात मानूस नसला की पाखरं अन् डुकरं एक कनीस ठिवायची न्हाईत. काढनी हुईस्तवर तोफा गप ऱ्हाऊ द्या. वरीसभर खायाचं त्येच हाय."

हे मी काही न बदलता सांगितलं. त्यात बदलण्यासारखं काही नव्हतं.

साहेब ऐकून घेऊन म्हणाले, 'आय शॅल मूव्ह हेवन अँड अर्थ.' मला आनंदच झाला, कारण याला आपल्याकडं अगदी जोडीचा शब्दप्रयोग आहे. मी छाती पुढं काढून म्हणालो, "साहेब म्हणतात, मी आकाशपाताळ एक करीन."

गर्दीत पुढंच यसाबाई उभी होती. नवऱ्यामागं एकटीनं रान करणारी. तिचं सगळं वावर चांदमारीच्या पोटात. ती म्हणाली, "आकाश ऱ्हाऊ द्या वर अन् पाताळ खाली. ज्वारी निघंस्तवर तोफ उडनार न्हाई, येवढं म्हनतो का त्यो?"

मी साहेबांना विचारलं. साहेबांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, 'दे मे टेक इट फ्रॉम मी.' म्हणजे, माझ्यावर भरवसा ठेवा म्हणावं. आणि जीपमध्ये बसून निघून गेले. मला मागच्या लॉरीतून यायचं होतं.

मी गावाला सांगितलं, साहेबांनी शब्द दिलाय.

पाटलांनी देवळातून ताट आणवलं. ताटात बेलाची पानं आणि हळदीचा भंडारा. त्या भागात दिल्या शब्दाला पुरावा लागतो तो हाच. खंडोबासमोर बेलभंडार उचलला की शब्द पक्का. मोडला तर घरादारावर येतं. सावकार, सोयरे, भाऊबंद, कुणाचंही त्यावाचून भागत नाही.

मी म्हणालो, "अहो, साहेब तर गेले."

"गेले तर जाऊ द्या," यसाबाई म्हणाली. "आमच्या कानात मराठी कुनी घातली? तुमी. ज्येच्या तोंडातनं आला, त्येचा शब्द. उचला."

"मी निरोप्या आहे, बाई."

"मंग निरोप खोटा हाय म्हना, आमी घरी जातो."

सगळं गाव माझ्याकडं बघत होतं. कुणी रागानं नाही, हे जास्त वाईट होतं. पाटील हळू आवाजात म्हणाले, "सायबाला आमचा खंडोबा ठावा न्हाई, लेकरा. तुला ठावा हाय. म्हनून तू." मी बेलभंडार उचलला. भंडारा बाहीवर सांडला तो मी झटकलासुद्धा नाही.

दुभाष्याच्या धंद्यात ही पाळी येते असं मला कुणी सांगितलं नव्हतं. शब्द दुसऱ्याचा, तोंड आपलं. तोंडाचा पगार मिळतो, शब्दाची जोखीम मिळत नाही, अशी माझी समजूत होती.

थोड्याच दिवसांत वरून हुकूम आला. सराव लगेच सुरू करायचा. साहेबांनी मला बोलावून म्हटलं, गावाला कळव, माझे हात बांधलेले आहेत. हा आपल्याकडंही आहे, भाषांतराचा त्रासच नाही. पण या खेपेला मी 'येस सर' म्हटलं नाही. मान हलवून बाहेर आलो आणि तडक बाईंकडं गेलो. त्या मुलींच्या वह्या तपासत होत्या. मी सगळं सांगितलं.

"तू शपथ घेतलीस," बाई म्हणाल्या. "साहेबांच्या वतीनं."

"गावानं घ्यायला लावली."

"आमच्यात शपथ घेऊच नये म्हणतात. का म्हणतात ते आज कळलं." त्यांनी वही मिटली. "आता काय करायचा विचार आहे?"

"वेंगुर्ल्याला जातो. आईला सांगतो नोकरी झेपली नाही."

"तिथं खंडोबा पोचत नाही वाटतं?"

पगारातले निम्मे पैसे घरी जात होते. नोकरी सोडली तर बहिणी उपाशी, ठेवली तर खंडोबा. कुठूनही हिशेब केला तरी घरादारावरच येत होतं.

बाई म्हणाल्या, "तुला येतं काय?"

"भाषांतर."

"मग ते कर. इतके दिवस तू साहेबांचं गावाला सांगितलंस. देवळासमोर काय झालं ते साहेबांना सांगितलंस का?"

"ते हाकलून देतील."

"देतील कदाचित. पण हे बघ. इंग्रज बोलताना कितीही हातचं राखो, आपण शब्द दिला होता असं चार लोकांत ठरलं की त्याला झोप येत नाही. त्यांच्यात म्हणतातच, सभ्य माणसाचा शब्द म्हणजे करारनामा. त्यांना एवढंच कळव, की करारनामा झालाय."

सकाळी मी साहेबांसमोर उभा राहिलो. मी म्हणालो, सर, आपण गेल्यावर त्या लोकांनी देवापुढं आपला शब्द मागितला. आपण नव्हता, म्हणून मी दिला. माझ्या हातून, आपल्या नावानं. तोफ उडाली तर माझा शब्द मोडेल, आणि आपलाही.

साहेबांनी विचारलं, मी असं नक्की काय म्हणालो होतो? मी ते 'टेक इट फ्रॉम मी' सांगितलं. ते म्हणाले, अरे, ती नुसती बोलायची रीत आहे. मी म्हणालो, हो सर, मला माहीत आहे. त्यांना माहीत नाही.

साहेब उठून खिडकीशी गेले. पाइप भरत राहिले. मी मनातल्या मनात ट्रंक आवरत होतो. बऱ्याच वेळानं, माझ्याकडं पाठ ठेवूनच, ते बोलायला लागले, आणि मला जाणवलं की आजच्या बोलण्यात एकही वाक्प्रचार नाही. पूल नाही, चंद्र नाही, दूध नाही. शाळेच्या पहिल्या पुस्तकातलं इंग्रजी.

ते म्हणाले, "गावाला माझा हुकूम सांग. उद्यापासून सराव आहे. लाल निशाण लागल्यावर रानात कुणी राहायचं नाही. रानात एकही माणूस दिसला तर नियमाप्रमाणे तोफ डागता येत नाही. तो दिवस वाया जातो. रोज माणसं दिसली तर रोजचा दिवस वाया जाईल. त्यांना हाकलायला माझ्याकडे माणसं नाहीत. आणि शिक्षा करायचा अधिकार माझा नाही, तो कलेक्टरांचा. तिकडून उत्तर यायला फार वेळ लागतो. हे सगळं सांग. आपल्या पदरचं काही घालू नकोस."

"येस सर."

"त्यांना नीट समजलं पाहिजे, मुन्शी." दुभाष्याला ते मुन्शीच म्हणत.

बाईंच्या शिकवणीची सगळी वर्षं त्या एका क्षणी माझ्या कामी आली. या बोलणाऱ्याला काय टाळायचंय, हे मला लख्ख कळलं.

माळवाडीला देवळासमोर मी तो हुकूम शब्दाला शब्द सांगितला. गाळलं नाही, गोड केलं नाही. गणपतराव म्हणाले, "पुन्यांदा सांगा."

मी पुन्हा सांगितला.

यसाबाईनं विचारलं, "मानूस दिसला तर उडत न्हाई?"

"नियमाप्रमाणे नाही."

"अन् हाकलाया कोन न्हाई?"

"साहेब म्हणतात, नाही."

पाटलांनी पागोटं काढलं, पुन्हा घातलं. अगदी गंभीरपणे म्हणाले, "सायबाचा हुकूम लई कडक हाय."

"कडक हाय," कुणीतरी मागून म्हणालं.

"अशा हुकमाला जपूनच ऱ्हायला पायजे," पाटील म्हणाले. आणि सभा उठली. एकही माणूस हसला नाही. माळवाडीच्या लोकांइतकं चांगलं नाटक मी पुढं कुठल्याच थिएटरात पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी टेकडीवर लाल निशाण चढलं. रणगाडे रांगेनं उभे राहिले. साहेबांनी डोळ्यांना दुर्बीण लावली. खाली सगळं गाव विळे घेऊन ज्वारीत वाकलेलं. बाया, पोरं, न्हावी, सुतार, देवळाचा गुरव, जावयासकट. ज्यांना रान नव्हतं तेही. यसाबाईच्या वावरात सर्वांत जास्त माणसं होती, कारण तिच्या घरात कमी होती.

साहेबांनी दुर्बीण खाली केली. "मुन्शी, तू यांना हुकूम सांगितलास ना?"

"शब्दाला शब्द, सर."

"विलक्षण लोक आहेत," साहेब म्हणाले आणि नियमावली मागवली. नियम मोठ्यानं वाचून दाखवला. रणगाड्यांची इंजिनं बंद झाली. सोल्जर सावलीत पत्ते खेळायला बसले. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. साहेब रोज वर कळवत, गावकरी हट्टी आहेत. कणसं खुडून, कडबा बांधून, त्याच्या सुड्या हद्दीबाहेर रचून होईपर्यंत गाव हट्टी राहिलं. मग एका सकाळी रानात चिटपाखरू नव्हतं. तोफ उडाली. समोरच्या टेकडीवर सगळं गाव जत्रेला आल्यासारखं बघत बसलं होतं, आणि दर आवाजाला म्हातारी माणसं वा वा करत होती.

इथं ही गोष्ट संपायला हरकत नव्हती. पण वरच्या साहेबांना त्या वाया गेलेल्या दिवसांचा हिशेब हवा होता. एका दुपारी चौकशीला एक कर्नल आले. प्रश्न एकच: हुकूम स्पष्ट होता, तर गावाला समजला कसा नाही? तांबडे साहेबांनी माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाले, दुभाष्याचं इंग्रजी कच्चं आहे. शाळा अर्धवट सोडलेला मुलगा आहे.

त्यात खोटं काहीच नव्हतं. शाळा अर्धवट सोडलेली होतीच. पहिल्यांदाच मी साहेबांच्या अख्ख्या हुकमाचं कानामात्रेचा फरक न करता भाषांतर केलं, आणि भाषांतर येत नाही म्हणून माझी नोकरी गेली.

संध्याकाळी साहेबांनी बोलावलं. म्हणाले, 'समबडी हॅज टु कॅरी द कॅन, मुन्शी.' कुणीतरी डबा उचलायचा असतो. हा माझ्या ऐकण्यातला नव्हता. मी सवयीनं येस सर म्हणालो. मग त्यांनी हात पुढं केला. इतक्या वर्षांत कधी केला नव्हता. म्हणाले, तुझं इंग्रजी उत्तम आहे. हे त्यांनी दुपारी म्हणायला हवं होतं, असं मला वाटलं. पण दुपारी म्हटलं असतं तर तो डबा, म्हणजे तो ठपका, त्यांना उचलावा लागला असता. त्यांचंही घर कुठंतरी असेलच. पुढं ते ब्रह्मदेशाकडं गेले. नंतर काही कळलं नाही. त्यांच्यावर राग धरावा की नाही, हे माझं अजून ठरत नाही.

चाळीत आलो. बाईंना डब्याचं विचारलं. बाईंनी पुस्तक चाळलं, पुन्हा चाळलं. "हा सोल्जर लोकांचा दिसतो. पुस्तकात नाही." मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "काढलं का?"

"काढलं."

त्या आत गेल्या आणि मला भाकरी वाढली. मामांनी दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. माझं पाहून त्यांच्याही नोकरीकडं कुणी वाकडं बघेल अशी त्यांना भीती होती, आणि ती चुकीची नव्हती.

आठवड्याच्या बाजाराला यसाबाई नगरला आली. पत्ता विचारत चाळीत आली आणि डोक्यावरचं ज्वारीचं पोतं व्हरांड्यात टाकलं.

"तुमची नोकरी गेली म्हनं आमच्यापायी."

"असू दे."

"असू कसं द्या. भातखाऊ मानूस तुमी, पर आता भाकरीची सवं करा." मग सलोमीबाईंकडं वळून म्हणाली, "ह्यास्नी तुमी शिकिवलं व्हय? बरं शिकिवलं. खोटं बोलता येत न्हाई म्हनून धंदा बसला बगा."

बाई म्हणाल्या, "खोटं बोलायला मीच शिकवलं होतं. त्या दिवशी विसरला."

दोघी हसल्या. मला हसू आलं नाही. ती ज्वारी मात्र पुरून उरली.

यानंतर बाईंनी जे केलं ते मला बऱ्याच उशिरा कळलं. देवळाली प्रवरेच्या बाजूला एका साखर कारखान्याच्या कचेरीत इंग्रजी पत्रव्यवहाराला माणूस हवा होता. तिथल्या मॅनेजरांची मुलगी बाईंची विद्यार्थिनी. बाई सुट्टीच्या दिवशी मोटारीनं, धूळ खात तिकडं गेल्या. लष्करातून इंग्रजी येत नाही म्हणून काढलेल्या, चौथी नापाससुद्धा नसलेल्या परक्या मुलासाठी त्यांनी मॅनेजरांना सांगितलं, "मुलाचं इंग्रजी मी बघितलंय. तो चुकला तर मला विचारा." इंग्रजी शिकवून पोट भरणाऱ्या बाईनं स्वतःचं सगळं नाव त्या एका वाक्यावर लावलं. मला नोकरी लागली तेव्हा त्या फक्त म्हणाल्या होत्या, कोट शिवून घे.

अजून तिथंच आहे. आता साहेबांचं राज्य गेलं. झेंडा बदलला. कचेरीत आपलीच माणसं आहेत, आणि ऊस घेऊन आलेल्या शेतकऱ्याला ती सांगतात, विचाराधीन आहे, यथावकाश कळवू. ऐकणारा माझ्याकडं बघतो. मी मराठीचं मराठीत भाषांतर करून सांगतो, "बाबा, पुढल्या वर्षी ये." या कामाचा वेगळा पगार नाही.

कारखान्यात मी पत्र लिहितो तेव्हा प्रत्येक वाक्य तीनदा वाचतो. लोक म्हणतात घाबरट आहे. आहेच. माझ्या चुकीवर माझं नाव गेलं तर गेलं, ते तसंही फारसं नव्हतं. पण बाईंनी माझ्यासाठी शब्द टाकला आहे, तो मी आजवर खाली पडू दिलेला नाही. तरी तेवढ्यानं फिटत नाही, हेही कळतं.

मागच्या नाताळात त्यांना भेटलो. डोळ्यांत मोतीबिंदू वाढलाय, निवृत्ती जवळ आली आहे, वाक्प्रचारांचं पुस्तक आता मुली वाचून दाखवतात. मी म्हणालो, बाई, तुमचं फेडायचं कसं, ते सांगा. त्या म्हणाल्या, "सावकाश."

बोलणाऱ्याला काय टाळायचंय ते ओळखणं हा माझा धंदा. हे उत्तर मला ओळखता आलं, ते बाईंचं 'नाही' होतं. म्हणून इथं छापून टाकतो, म्हणजे त्या मुली त्यांना वाचून दाखवतील: बाई, आधी तुमचे डोळे करून घेऊ, त्याचं मी बघतो. बाकीचंही फेडणार आहे. सावकाश म्हणालात, तर सावकाश. पण फेडणार आहे.